फोटोच्या पाठीमागचा समुद्र

भिंतीवर टांगलेल्या फोटोची मागची बाजू कुणी बघत नाही. गेली तीन वर्षं मी तीच बाजू तयार करते आहे. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. बँकेतली, पोलिसातली, नाहीतर वीज मंडळातली. मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी लासूर स्टेशनहून गाडीनं येते, कॉलेज करते आणि दुपारनंतर औरंगपुऱ्याजवळच्या एका गल्लीत फ्रेमच्या दुकानात काम करते. म्हणून मी लिहावं का, असं संपादकांना दोनदा विचारलं. हल्ली मी कुठलीही गोष्ट दोनदाच विचारते. त्याचं कारण पुढे येईलच.

दुकान रशीदचाचांचं आहे. काम ऐकायला सोपं वाटतं. लाकडी पट्टी मापानं कापायची, चार कोपरे जुळवायचे, आधी काच, मग फोटो, मग हार्डबोर्ड बसवायचा आणि बारीक चुका ठोकायच्या. बाकीची दुकानं इथं थांबतात. चाचा थांबत नाहीत. ते सगळी पाठ जाड कागदानं मढवतात, म्हणजे धूळ आणि झुरळं आत जात नाहीत. कागदाच्या फक्त कडा चिकटवायच्या, त्याही घरी शिजवलेल्या मैद्याच्या खळीनं. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. बाजारात बाटलीतला पांढरा गोंद मिळतो, तो चाचांना चालत नाही. त्यांचा दुसरा नियम असा, की दुकानात आलेला जाड कागद कधी फेकायचा नाही. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, निवडणुकीची पत्रकं, सगळं कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे जातं. छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर. आपल्या शहरातल्या अनेक देवांच्या मागे पडलेले उमेदवार आहेत, हे मला या नोकरीत कळलं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एकानं चिकलठाण्याहून मुंबईला केलेल्या पहिल्या विमान प्रवासाचा बोर्डिंग पास मखमलीवर मढवून घेतला. दुसऱ्या एकानं भावाविरुद्धचा जमिनीचा दावा जिंकला आणि सातबारा उतारा फ्रेम करायला आणला. तो भावाच्या दाराकडे तोंड करून लावायचा होता. पट्टी सोनेरी पाहिजे, लांबून वाचता आलं पाहिजे, असं त्यानं तीनदा बजावलं. एक बाई सासूबाईंचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काच जरा जाड टाका." का, ते मी विचारलं नाही.

वैद्यकाका दुकानात आले ते मागच्या पावसाळ्याच्या शेवटी. काका निवृत्त टुरिस्ट गाइड. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांना ते पस्तीस वर्षं फ्रेंचमधून लेणी दाखवत होते. काखेत पुठ्ठ्याची लांब नळी आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू. मी समोर उभी होते, पण त्यांनी नमस्कार केला तो कपाटाला.

"मी फ्रान्सला कधी गेलो नाही," ते कपाटाला म्हणाले. "पस्तीस वर्षं फ्रान्सच माझ्याकडे यायचा. आता गुडघे गेले, तोही यायचा थांबला. म्हणून एका मादामनी हे पाठवलंय. घरात लावायचंय."

या मादाम पूर्वी चार-पाच वेळा वेरूळला येऊन गेल्या होत्या. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या स्टेशनात स्टेशनमास्तर होते. नळीत प्रवासाची पोस्टरं होती. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत तिकडच्या रेल्वे कंपन्या चित्रकारांकडून अशी पोस्टरं काढून घेत आणि स्टेशनांच्या भिंतींवर लावत. समुद्रावर चला, बर्फात चला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर चला, असं ती सांगायची. रंग मोजके आणि सपाट, अक्षरं मोठी, धावत्या माणसाच्याही नजरेत भरतील अशी. हंगाम संपला की त्याच्यावरच पुढचं पोस्टर डकवायचं. त्यामुळे तेव्हाची अस्सल पोस्टरं फार कमी उरली आहेत. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी फक्त माप घेतलं. सव्वातीन फूट लांब, दोन फूट रुंद.

नळीतून गुंडाळी काढली. आत आठ पोस्टरं होती, करकरीत आणि चमकदार. त्यांच्यावर शाल पांघरावी तसा एक जुना तपकिरी कागद गुंडाळलेला होता. सोबत मादामचं चार पानी पत्र होतं. ते काकांनी डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि "सावकाश वाचतो" म्हणून खिशात घातलं.

आता कबुली देते. तो तपकिरी कागद मी उलगडून पाहिला होता. त्याच्या आतल्या बाजूला चित्र होतं. तांबडे डोंगरकडे, निळा समुद्र, कमानींचा पूल, पुलावर धूर सोडणारी एवढीशी आगगाडी आणि छत्रीसारखं एक झाड. पण रंग धुळकट होते, कडा फाटलेल्या होत्या, मधोमध घडी पडली होती आणि कोपऱ्यात कसलंसं तिकीट चिकटवलेलं होतं. आठ झगझगीत चित्रांशेजारी ते मला खराब निघालेल्या छपाईसारखं दिसलं.

"काका, हा वरचा कागद?" मी विचारलं.

"टाकून दे," काका म्हणाले.

पुन्हा विचारायला हवं होतं. चित्र आहे, असं सांगायला हवं होतं. पण आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वर्गात पहिल्या दिवसापासून मला एक सवय लागली आहे. एकदा विचारून उत्तर मिळालं, की पुन्हा विचारलं तर आपण अडाणी ठरू, असं वाटतं. मी विचारलं नाही. आणि दुकानाच्या नियमाप्रमाणे कागद फेकला नाही. जाड होता, चिवट होता. त्याच आठवड्यात मी त्याचे चार समान तुकडे केले आणि चार फ्रेमांच्या पाठी मढवल्या. काम इतकं नीट झालं, की चाचा म्हणाले, "अब हाथ बैठा तेरा."

आठ पोस्टरं फ्रेम होत होती तोवर दुकानात गर्दी वाढली. बर्फाच्या डोंगराचं पोस्टर दर्शनी भागात ठेवलं होतं. एक आजोबा रोज जाता-येता चप्पल काढून त्याला हात जोडायचे.

"कैलास हाये ना हा?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही आजोबा, फ्रान्सचा डोंगर आहे."

"असू दे. बर्फ एकच असतो," म्हणाले आणि पुन्हा हात जोडले.

दुसऱ्या पोस्टरवर पोहण्याच्या पोशाखात एक बाई वाळूवर बसलेली होती. चाचांनी तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

"चाचा, गिऱ्हाइकाचा माल आहे."

"हौ, माल उनका है, पर दुकान मेरी है. सामने गणपती बैठेले हैं. दिवसभर तिला बघत बसतील काय ते?"

काका मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा एके दुपारी ते काळा चष्मा लावून दुकानात शिरले. मादामचं पत्र हातात होतं. या वेळी त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं.

"वरचा कागद कुठंय?"

पत्रात लिहिलं होतं ते त्यांनी उभ्यानंच मराठीत सांगितलं. आतली आठ पोस्टरं हल्लीची आहेत, एका दुकानातून घेतलेली. भिंतीला शोभतील म्हणून पाठवली आहेत. बाहेरचं मात्र खरं आहे. वडिलांच्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात लागलेलं. त्यावर दुसरं डकवायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते अलगद काढून घरी आणलं आणि त्यासाठी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. मला मूलबाळ नाही, माझ्यानंतर हे रद्दीत जाईल, तुम्ही सांभाळा.

"मादाम रविवारी फोनवर बघणार आहेत," काका म्हणाले. "भिंतीवर लावलेलं दाखवा म्हणाल्या. मीच हो म्हटलं. तेव्हा पत्राचं शेवटचं पान वाचलं नव्हतं."

तो मंगळवार होता. मी खरं ते सांगितलं. इतकं हळू सांगितलं, की चाचांना तेच पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. काका स्टुलावर बसले.

"चार?" एवढंच म्हणाले.

"चार," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रोने का नक्को. खळ है. पानी लगाए तो छोड देती. वो सफेद गोंद रहता ना, तो जिंदगीभर रोते बैठती थी तू."

पहिला तुकडा दुकानातच निघाला. तो सातबाऱ्याच्या पाठीमागे होता. दोघा भावांचा समेट झाला होता, त्यामुळे तो माणूस फ्रेम न्यायला आलाच नव्हता. कडेवर ओलं फडकं ठेवलं, पंधरा मिनिटं थांबलो आणि अर्धं झाड व आकाश अलगद हातात आलं. चाचांनी त्यावर भिंग धरायला सांगितलं. नव्या पोस्टरवर भिंग धरलं तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसतात. या तुकड्यावर एकही ठिपका नव्हता. रांगोळी चिमटीतून सोडावी तसा रंग होता, कणाकणांचा. दगडावरची छपाई अशी असते, एकेक रंग वेगळा उमटवलेला. मी ते बघत राहिले. ज्या कागदावर मी पट्टी ठेवून कटर फिरवला होता, तो मी पहिल्यांदाच नीट बघत होते.

दुसरा तुकडा आमच्याच घरी होता, माझ्या बी.ए.च्या पदवीच्या पाठीमागे. ती फ्रेम चाचांनी मला भेट दिली होती. आमचे आबा लासूरच्या आडत बाजारात मापाडी आहेत. त्यांनी ती दारातून शिरताच समोर दिसेल अशी लावली होती. मी संध्याकाळी घरी गेले आणि स्टुलावर चढून खिळ्यावरून पदवी उतरवली. आबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"का गं? परत मागितली का युनिव्हर्सिटीनं?"

"नाय आबा. मागचा कागद काढायचाय."

"मागचा? मागं काय लिव्हलंय?"

"काही नाही. फ्रान्सचा समुद्र आहे."

आबांनी घास ताटात परत ठेवला. मग आईला हळूच म्हणाले, "लई अभ्यास झाला तिचा. झोपू दे तिला."

शेजारच्या काकूंनी खिडकीतून रिकामा खिळा पाहिला. सकाळी मी स्टेशनवर पोचेपर्यंत पोरीची पदवी रद्द झाली, ही बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती. चहावाल्यानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "व्हतं कधी कधी," म्हणाला. "पुन्हा बसायचं परीक्षेला." आबा त्या दिवशी बाजारात गेलेच नाहीत. मी संध्याकाळी पदवी पुन्हा लावली, तेव्हा त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि घरातले दोन्ही दिवे लावले.

तिसरा तुकडा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, विश्वकर्म्याच्या तसबिरीमागे होता. मालक गायकवाड भले माणूस, पण ठाम.

"दसऱ्याला गुरुजींच्या हातानं पूजा करून बसवलाय. उतरवायचा नाही. उतरवला आन मशीन बिघडली, तर तुम्ही भरून देणार का?"

चाचा सोबत आले होते. ते पुढे झाले.

"गायकवाडसाब, उतारने का नहीं ना? तो नहीं उतारते. देव अपनी जगह पर. अपन फक्त पीछे जाते."

दोन कामगारांनी तसबीर खिळ्यावरच राहू देऊन खालून पुढे उचलून धरली. मी टेबलावर चढले आणि देव व भिंत यांच्या मधल्या फटीत डोकं घातलं. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात बोथट सुरी. खालून चाचा सूचना देत होते, "घाई नक्को, वर की कोर पहिले." कामगार हात भरून आले म्हणून पाळीपाळीनं बदलत होते. कागद निम्मा सुटला आणि त्याच वेळी वसाहतीची वीज गेली. सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. फटीतून मला गायकवाडांचा फक्त चेहरा दिसत होता.

"बघा," ते म्हणाले.

"बाजू का कारखाना भी बंद है," चाचा म्हणाले. "उनके विश्वकर्मा के पीछे तो कोई घुस्या नहीं."

गायकवाडांनी बाहेर जाऊन खात्री करून घेतली. परत आले आणि म्हणाले, "चालू द्या." तांबडा कडा आणि कोपऱ्यातलं ते तिकीट आमच्या हातात आलं. काकांनी नंतर सांगितलं, की ते तिकडच्या सरकारचं करतिकीट. तेव्हा सार्वजनिक जागी पोस्टर लावायचं तर कर भरावा लागायचा. मी फोनवर कळवलं, तेव्हा गायकवाडांना तो देश एकदम ओळखीचा वाटला.

शेवटचा तुकडा पूल आणि आगगाडीच्या इंजिनाचा. चित्राचा जीव त्यातच होता. तो पडेगावात, एका स्लॅबच्या दोन खोल्यांच्या घरात, आदल्या वर्षी वारलेल्या एका ट्रक ड्रायव्हर आजोबांच्या फोटोमागे होता. शुक्रवारी मी आणि काका रिक्षानं गेलो. काका हट्टानंच आले. दार आजींनी उघडलं.

"आजी, मी फ्रेमच्या दुकानातून आले. आजोबांचा फोटो थोडा वेळ उतरवायचा होता."

"कामून? काच तडकली नाय, हार वाळला नाय. बरा हाय फोटो."

"मागचा कागद चुकून लागलाय. बदलून देते."

आजी दारातच बसल्या, म्हणजे आम्ही आत जाणार नाही अशा बसल्या. "पोरी, चाळीस वर्सं ट्रक चालिवला ह्या माणसानं. घरात सलग आठ दिस बसला नाय. बाळंतपणं झाली तवा नागपूर, पोरीचं लगीन ठरलं तवा गुजरात. आता कुठं एका जागी टेकलाय. तुमी त्याला परत उठवाया आले व्हय?"

मी मागे सरकले. मला खरंच वाटलं, की आपण जावं. रविवारी तीनच तुकडे दाखवावेत. पण काकांनी काळा चष्मा काढला आणि पायरीवर, आजींच्या एक पायरी खाली, गुडघे धरत बसले. पस्तीस वर्षं परक्या माणसांना भिंतीवरची चित्रं समजावून सांगितलेला तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी सगळं सांगितलं. स्टेशनमास्तर, त्यांची मुलगी, तिला नसलेलं मूलबाळ, पत्र न वाचता "टाकून दे" म्हणालेले ते स्वतः. माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. मग चित्र सांगितलं. कमानींचा पूल कसा, खाली पाणी कसं, गाडी कुठून येते आणि कुठे वळते.

आजींनी मान वळवून फोटोकडे पाहिलं.

"म्हंजी ह्याच्या पाठीमागं रेल्वे हाय?"

"आहे."

"आन समुद्र?"

"थोडासा. बाकीचा लासूरला होता."

"कवापासून?"

"वर्षश्राद्धाच्या वेळी फ्रेम केली तेव्हापासून," मी म्हटलं.

"आन मला बोलला नाय," आजी म्हणाल्या. "मेला तरी माझ्या माघारी फिरतोच हाय ह्यो."

त्या उठल्या, पदरानं काच पुसली आणि फोटो स्वतःच उतरवून माझ्या मांडीवर दिला. "काढा. पर त्याला उघडा ठेवू नका. दुसरं काय तरी लावा. कॅलेंडर नको. त्याला तारखा कधी कळल्या न्हाईत."

काका म्हणाले, "माझ्या त्या आठांतलं एक लावू. तेही फ्रान्सचंच आहे." त्यांनी मोबाइलवर एकेक पोस्टर दाखवायला सुरुवात केली. बर्फाचा डोंगर आजींनी नाकारला. त्याला थंडी सोसायची नाही. वाळूवरची बाई काकांनी पुढे सरकवायच्या आत आजींनी बघितली आणि म्हणाल्या, "हिच्याकडं तर मुळीच नाय." चौथं पोस्टर गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाचं होतं. लोक वेताच्या खुर्च्यांवर बसून पेल्यातून पाणी पीत होते.

"हितं काय करत्यात?"

"गरम पाण्यात बसतात. सांधेदुखीवर चांगलं."

"हे लावा," आजी म्हणाल्या. "क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला व्हता त्याचा."

दुकानात परत आल्यावर काकांनी झऱ्यांच्या पोस्टरची फ्रेम उघडायला लावली आणि पोस्टर माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "काप." मला हात लावावेना. "काप गं. या वेळी विचारून कापतेस ना?" मी दोनदा विचारलं. मग कापलं.

शनिवारी चाचांनी दुकान अर्धं बंद ठेवलं. त्यांचे वडील निजामाच्या काळापासून महसुली नकाशांच्या पाठीला मांजरपाटाचं कापड लावायचे. ते काम चाचांनी लहानपणी बघितलं होतं. आम्ही मांजरपाट पाटावर ताणून बसवला, पातळ खळ लावली आणि चारही तुकडे एकेक करून त्यावर उतरवले. जोडावर फक्त मी काम करायचं, असं चाचांनी ठरवलं. "जिन्ने काट्या, वो जोडेगा," म्हणाले. आगगाडी पुलाच्या मधोमध कापली गेली होती. इंजिन एका तुकड्यावर, पहिला डबा दुसऱ्यावर. जोड लपले नाहीत. चित्रावर अधिकाच्या चिन्हासारख्या दोन बारीक रेषा राहिल्या. लांबून दिसत नाहीत, पण ज्याला माहीत आहे त्याला दिसतात.

रविवारी काकांच्या घरी, समर्थनगरला, पोस्टर भिंतीवर लागलं. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवला. पलीकडे मादाम दिसू लागल्या, पांढरे आखूड केस आणि जाड भिंगाचा चष्मा. पोस्टर दिसलं तसा त्यांनी चष्मा नीट बसवला. मग स्क्रीनच्या जवळ आल्या, इतक्या की फक्त कपाळ दिसू लागलं. बोटानं त्यांनी हवेत एक आडवी आणि एक उभी रेषा काढली. त्यांना दिसलं होतं.

काका हसून फ्रेंचमध्ये भराभर काहीतरी बोलले. मादाम "आ!" म्हणाल्या आणि कौतुकानं मान हलवली.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, की आमच्याकडे पद्धत आहे. मौल्यवान चित्राचे चार भाग करून आधी चार घरांत मुक्कामाला पाठवतात. मगच ते भिंतीवर लागतं."

"काका."

"लेण्यांत पण असंच सांगायचो. कुणाचं काही बिघडलं नाही."

"काका, खरं सांगा. मी कापलं म्हणून सांगा. पदवीच्या मागे लावलं, म्हणून सांगा."

"अगं, त्या खूश आहेत."

मी डब्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. मराठीतच म्हणाले, "चूक माझी होती. मला माफ करा." मादामनी काकांना काहीतरी विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि सावकाश बोलायला लागले. खूप वेळ बोलले. मध्ये "लासूर" आणि "चिकलठाणा" हे शब्द मला कळले. मादाम एकदा हसल्या, एकदा चष्मा वर करून डोळे पुसले. मग त्यांनी उत्तर दिलं, तेही लांबलचक.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जोड फार सरळ आलाय. कुणी केला?"

"एवढ्या वेळात एवढंच म्हणाल्या?"

"थोडक्यात सांगायचं तर, एवढंच."

काका गाइड आहेत. त्यांनी तेव्हा खरं सांगितलं की दुसरीच एखादी पद्धत रचून सांगितली आणि मादाम नेमकं काय बोलल्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की ते म्हणतात, "पोरी, भाषांतरात थोडंफार इकडेतिकडे होतंच." चाचा म्हणतात, आता विसर. मला विसरता येत नाही. म्हणून यंदा मी फ्रेंचच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं आहे. आबांना वाटतं, पहिली पदवी खरंच रद्द झाली होती, म्हणून ही दुसरी चालू आहे. फ्रेंचच्या बाई म्हणतात, नीट बोलता यायला दोन वर्षं लागतील. मादामचं वय बघता माझी तेवढं थांबायची तयारी नाही. रोज सकाळी गाडीत मी मोठ्यानं पाठ करते. माझ्यासमोर पालकाच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशींना आता "माफ करा, चूक माझी होती" हे वाक्य फ्रेंचमध्ये माझ्यापेक्षा चांगलं म्हणता येतं.